हाकेवाल्याचा वाटा

१

आमच्या फुग्याला गप्प राहणं माहीत नव्हतं. मी खोकले की तो ओरडे, कुकरची शिट्टी झाली की ओरडे, ढग वाजला की ओरडे, आणि फुलचंदची मोटारसायकल नाल्याच्या उताराला लागली की आधी यालाच कळे. गुळूगुळूगुळू. जगातल्या प्रत्येक आवाजाला ओ द्यायचं काम आपल्यालाच नेमून दिलंय, असं त्या पाखराला वाटायचं.

फुग्या म्हणजे टर्की. माझा लेक फुलचंद कुठून तरी पिल्लं घेऊन आला होता. त्यातला हा एकच नर वाचला आणि खाऊन खाऊन बकरीच्या पिल्लाएवढा झाला. डोकं बोडखं, नाकावरून लोंबणारं लाल कातडं, आणि राग आला की पिसं फुलवून दुप्पट व्हायचा. म्हणून नातीनं नाव ठेवलं फुग्या. नात माझी निशिगंधा, घरातली निशी. पाच वर्षांची आहे, पण हुकूम सोडते तांड्याच्या नायकासारखे.

आमचं घर तांड्यात नाही. आर्णीच्या अलीकडे, नाल्याकाठच्या वावरात आहे. दोन खोल्या, वर टिनं. पुढचं दार अंगणात आणि रस्त्याकडं उघडतं. मागचं दार उघडतं खुराड्याकडं, त्याच्यामागं तूर, तुरीमागं नाला. नाल्याच्या पल्याड जंगल खात्याचं रान.

भादव्यातली झड लागली होती. झड म्हणजे जोराचा पाऊस नव्हे. बारीक, न थांबणारा, अंगातल्या हाडांना बुरशी आणणारा पाऊस. फुलचंद आणि सून बबिता आर्णीला गेले होते, बबिताची बहीण बाळंत झाली होती म्हणून. कुत्रंही मोटारसायकलीमागं धावत गेलं, ते तिकडंच. दुपारी फोन आला की रस्त्यावरच्या पुलावरून पाणी चाललंय, उतरल्यावर येतो. बबिता मला याडी म्हणते, आईला म्हणतात तसं. फोनवर तिनं एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली.

"याडी, पोट्टीवर नजर ठेवजा. झडीत तिले बाहेर एकटी सोडू नका."

"माह्या नजरेतून मुंगी नाही जात," मी म्हणाले.

फोन ठेवला, दाणे घेऊन मागं गेले, तर खुराड्याचं दार उघडं. दोन माद्या अंड्यांवर गपगार बसलेल्या. फुग्या नाही.

२

पाखरू रात्री बाहेर राहिलं तर सकाळी पिसं सापडतात. नाल्यात कोल्हे आहेत. आणि दिवस मावळायच्या आत त्याला आणायचं, तर निशीला घरात एकटी कशी ठेवणार? तिलाही नेणं आलं.

मी बारदान्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला, खोळ केली आणि तिच्या डोक्यावर घातली. एक मोकळं बारदान हातात दिलं, फुग्यावर टाकायला. मी घेतली थाळी आणि पळी.

"दादी, आपुन शिकारीले चाललो का?"

"कायची शिकार? आपलंच पाखरू धराले चाललो."

"धरनं म्हणजे शिकारच नं?"

"बरं बाप्पा, शिकार."

"मंग मी शिकारी. तू कोन?"

"मी हाकेवाली."

"ते काय असते?"

चालता चालता मी तिला सांगितलं. माझा बाप शिकारी होता. तेव्हा बंदी नव्हती; नंतर आली, बंदूक गेली, आणि बरंच झालं. पण तेव्हा तांड्याची शिकार हाक्याची असे. अर्धी माणसं रानाच्या एका टोकाला उभी राहून आरोळ्या मारत, डबे बडवत पुढं सरकायची. तो हाका. अर्धी दुसऱ्या टोकाला दबून बसायची. जनावर आवाजाला भिऊन उलट्या बाजूला पळायचं आणि थेट दबून बसलेल्यांच्या पुढ्यात यायचं.

निशीनं चिखलात उभं राहून विचार केला.

"मंग ओरडनाऱ्याले काय भेटते?"

"वाटा भेटते. सगळ्यात आधी त्याचा वाटा."

"आन् मले गप्प बसा लागंल?"

"हो."

"मी बसू शकतो," ती म्हणाली. ही पोरगी झोपेतही भांडते. मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं.

३

तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मी थाळी वाजवली. टण, टण, टण.

गुळूगुळूगुळू! तुरीच्या पार मधून, नाल्याच्या अंगानं.

"हाय! हाय तो!" निशी नाचली.

"शिकारी गप्प बसतात."

"मी गप्पच हाव!"

पुन्हा थाळी, पुन्हा उत्तर. पण मूर्ख पाखरू ओ देत होतं, येत नव्हतं. तूर माझ्या छातीएवढी झालेली, खाली पाणी. त्याला तिथं कोरडा उंचवटा सापडला असणार. आता त्याला हुसकवायला कोणीतरी पलीकडून यायला हवं होतं. मी गेले असते, पण मग पोर इकडं एकटी. हाकाही करायचा आणि दबूनही बसायचं, हे एका माणसाचं काम नाही. मी तिथंच उभी राहून थाळी बडवत राहिले. निशीला थंडी वाजायला लागली होती. तिचे ओठ जांभळे झाले, तरी बारदान घट्ट धरून बसली होती. आता परत फिरावं, गेलं पाखरू तर गेलं, असं मनात आलं.

तेव्हा नाल्याच्या पल्याडून हाका सुरू झाला.

होऽऽ हाऽऽ हुर्र्र् हाऽऽ.

मी थाळी वाजवायची थांबले. असा हाका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आताची पोरं डुक्कर हाकलताना फटाके फोडतात, मोबाईलवर कुत्र्याचं भुंकणं लावतात. हा जुना हाका होता, माझ्या बापाच्या माणसांचा. आधी लांबवर, मग जवळ, एका सरळ रेषेत. आवाज पूर ओलांडून अल्याड आला, पण पाण्यात कोणी उतरल्याची धडपड ऐकू आली नाही. पावसात पाण्याचा आवाज दबतो, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी एक गोष्ट तेव्हाच जाणवली होती. ओरडणारा दम घेत नव्हता. पण दोन माणसं असतील, आळीपाळीनं ओरडत असतील.

"कोन हाय दादी?"

"धावजी आजा असंल तुया." धावजी म्हणजे माझा दीर, इथून हाकेच्या अंतरावर तांड्यात राहतो. जुना हाका येणारं तांड्यात आता तेवढंच एक माणूस उरलंय. "थाळी आयकून आला असंल. बस तू. आता येईल फुग्या."

४

आला. तूर फाटली आणि फुग्या मान ताणून, पंख अंगाला चिकटवून, बाण सुटावा तसा सरळ निशीवर आला. एवढं मोठं पाखरू एवढ्या पोरीवर येतंय म्हटल्यावर मी थाळी टाकली. पण निशी हलली नाही. एक शब्दही बोलली नाही. तो हातभर अंतरावर आला आणि तिनं बारदानासकट स्वतःला त्याच्यावर टाकून दिलं.

चिखल, पिसं, बारदान, पोरगी. त्यातून एक हात वर आला.

"धरला! दादी, म्या धरला!"

मी धावले, त्याचे पाय धरले, बारदानात गुंडाळून काखेत मारला. निशीच्या कपाळावर ओरखडा, तोंडात चिखल, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत. अहो, मी सहा लेकरं पोसली, नातवंडं पाहिली, पण त्या घडीला त्या पोरीचं तोंड जसं चकाकत होतं तसं मी कुणाचं पाहिलेलं नाही. माझ्या बापानं तिला खांद्यावर घेऊन तांडाभर मिरवली असती.

आणि मग मी ते केलं जे आमच्यात कोणीही केलं असतं.

हाकेवाल्याला लांबून दिसत नसतं शिकार मिळाली की निसटली. म्हणून आमच्यात रीत आहे. शिकार हाती आली की धरणाऱ्याच्या माणसानं त्याच जागेवरून ओरडून सांगायचं, आणि वाट्याला बोलवायचं. न बोलवणं म्हणजे अपमान. पिढ्यांची सवय जिभेत बसलेली असते, ती डोक्याला विचारत नाही. मी तुरीकडं तोंड करून, पूर्ण गळा काढून ओरडले:

"झालीऽऽ! वाटा हायेऽऽ! घरी येऽऽ!"

हाका थांबला. हळू होत गेला नाही. मधेच, आरोळी अर्धी असताना, थांबला. जणू एवढंच ऐकायचं होतं.

"आजा कुठं हाय?" निशीनं विचारलं.

तूर हलत नव्हती.

"येईल घरी," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, तिला कडेवर घेतली. एका काखेत फुग्या, दुसऱ्या कडेवर निशी. एरवी घागर उचलताना कमरेतून कळ येते, त्या दिवशी ती वाटेत कुठं राहिली देव जाणे. मी झपाझप घराकडं आले आणि मागच्या दारानं आत शिरले.

५

निशीला पुसली, कोरडे कपडे घातले, गुळाचा चहा दिला. फुग्याला त्या पाण्यात खुराड्यात परत ठेवायला मन झालं नाही. आतल्या खोलीत मोठ्या टोपल्याखाली झाकला. निशी टोपल्यावर हात ठेवून बसली आणि त्याला समजावत होती, "पयाचं न्हाई. पयाला का मी हावच."

लाइट नव्हती. बाहेर उजेड होता, पण ढगानं तो राखेसारखा झालेला. पाखरू कापायचं नव्हतं, म्हणून हाकेवाल्याला द्यायला मी दोन अंडी आणि ओंजळभर डाळ सुपात काढून ठेवली. रिकामं पाठवू नये. बराच वेळ झाला तरी धावजी येईना. फुलचंदनं माझ्या मोबाईलात माणसांचे फोटो घालून दिले आहेत. फोटो दाबला की माणूस लागतो. मी धावजीचा फोटो दाबला.

"कुठं राह्यला रे? चहा थंडा झाला."

"कायचा चहा, भाभी?" आवाज असा की गळ्यात काटे अडकलेत. "सकाळपासून गोधडीत हाव. ताप हाय मले."

"मंग हाका कोन करून राह्यलं व्हतं? आमी टर्की धराले गेलतो. पल्याडून हाका आला, तुयासारखा."

धावजी हसला, खोकला. "भाभी, बापानं तुह्या वाघ मारले म्हंते, आन् तू कोंबड्यावर आली?" मग म्हणाला, "पल्याड कोन असंल वो? पूर हाय नाल्याले. अन् माहा आवाज तर आयक, बेडूकबी ओ नाही देनार. फुग्याले इचार, त्यानं देल्ली असंल ओ."

तो थट्टेत म्हणाला. मी हसायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

फुग्यानं ओ दिली नव्हती.

थाळीला दिली. माझ्या खोकल्याला दिली असती, बेडकाला दिली असती. त्या एवढ्या मोठ्या आरोळीला, इतका वेळ चाललेल्या, त्यानं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. नुसता पळाला होता.

"धावजी," मी म्हणाले, "तू ये इकडं."

"काहून? काय झालं?"

"ये म्हणतो नं."

"आवाज कायले असा करतं? येतो. शेजारच्या पिंट्याच्या गाडीवर बसून येतो, थांब."

मी फोन ठेवला आणि मागच्या दाराला आडणा लावला. मग पुढच्या दाराची कडी पाहिली. ती सकाळपासून लागलेलीच होती.

६

आता माझं डोकं सांगतं तेही ऐका, कारण मी वेडी बाई नाही. पूर असला तरी वरच्या अंगाला बंधारा आहे, त्यावरून माणूस येऊ शकतो. दारू प्यालेला कोणी झडीत ओरडू शकतो. पाखरू घाबरलं की मुकं होतं. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि चूल फुंकत बसले. अर्धं पटलंही.

टिनाच्या घरात झडीचा एक आवाज असतो. वर टिनावर बारीक सरसर, आणि चहूबाजूंनी पागोळ्या. टिनाच्या नाळीनाळीतून पाणी खाली गळतं, त्याची ओळीनं भोकं पडतात चिखलात. टप टप टप, घराला फेरा घातल्यासारखा. त्या आवाजात मी इतकी वर्षं झोपले आहे. तो कानाला ऐकूच येत नाही.

त्या दिवशी ऐकू आला, कारण तो पूर्ण नव्हता.

मागच्या बाजूला टपटप होती. डाव्या, उजव्या बाजूला होती. पुढच्या दारासमोर नव्हती. तिथंही पागोळ्या पडत असणारच, पाऊस एकाच घरावर एका बाजूनं थांबत नाही. पण त्या चिखलात पडत नव्हत्या. दुसऱ्या कशावर तरी पडत होत्या, आवाज न करणाऱ्या कशावर तरी. गोधडीवर पडाव्यात तशा.

मी दाराजवळ जाऊन कान दिला. दारापासून वीतभर. श्वास नाही, हालचाल नाही. नुसतं ते नसणं.

तेव्हा घराच्या मागून हाका सुरू झाला.

होऽऽ हाऽऽ हुर्र्र् हाऽऽ.

खुराड्याच्या पलीकडून. लांबून नाही. मागच्या भिंतीवरचे डबे थरथरले. मला वाटलं होतं वाट्याला आलेला माणूस दार वाजवतो, घरधन्याला हाक मारतो. हा तर हाकाच करत होता. घराला.

फुग्या मुका. पण टोपलं हललं. माझ्या डोळ्यांसमोर ते टोपलं जमिनीवरून सरकायला लागलं, आतून ढकललं जात, खरडत, पुढच्या दाराकडं.

आणि निशी उठली. ती बोलत नव्हती. ती टोपल्यामागून चालत दाराशी गेली, टाचा वर केल्या आणि कडीला हात घातला. तिला उगाच कोणी काही करायला लावू शकत नाही हो, तिला भाकरी खाऊ घालायची तर मारामारी होते. तीच पोर मागं वळून मला म्हणाली, अगदी गरिबासारखी:

"दादी, बाहेर जाऊ नं. चाल नं."

आणि खरं सांगते, माझेही पाय तिकडंच चालले होते. तो आवाज पाठीत घुसतो. जिथून येतो तिथून दूर जावंसं वाटतं, बस. दुसरं काही सुचत नाही. माझा हात तिच्या हातावर पडला तो कडी काढायला मदत करायला. कडी अर्धी वर आली.

समोर पागोळी वाजत नव्हती.

७

अर्ध्या वर आलेल्या कडीवर हात ठेवून मी उभी राहिले आणि मला सगळं एकदम दिसलं, रानाचा नकाशा जमिनीवर काढून दाखवावा तसं. दुपारी मागून आरोळी आली आणि पाखरू पळालं, असं मला वाटलं होतं. पळालो आम्हीही होतो. निशीला कडेवर मारून, न थांबता, सरळ घरी. पुढच्या दारानं आलो असतो तर? कडी आतून लागलेली म्हणून मी मागून आले. नुसत्या त्या कडीमुळं. आणि अंगणात कोणीतरी तेव्हापासून दबून बसलं होतं, न कंटाळता. शिकारी गप्प बसतात.

वाट्याला तर मी बोलवलं होतं. वाटा कशातला, हे मी सांगितलं नव्हतं.

मी कडी खाली दाबली. निशीचे हात सोडवले. ती ओरडली नाही, रडली नाही, पुन्हा हात वर केले. मी तिला उचलून कडेवर आवळली, ती सुतळीच्या गाठीसारखी घट्ट झालेली. मागून आवाज चढत होता. आता तो भिंतीला टेकला होता.

मग मला एक डुक्कर आठवलं. मी दहा-बारा वर्षांची असेन, हाक्यात डबा घेऊन चालत होते. सगळी जनावरं पुढं पळाली, आणि एक म्हातारं डुक्कर उभं राहिलं. त्यानं मान फिरवली आणि ते पुढं न जाता आमच्याकडंच आलं. आवाजाकडं. काय पळालो आम्ही! डबे टाकून, लुगडी फाडून, बाभळीवर चढलो. बाप त्या रात्री हसून हसून म्हणाला होता, हाकेवाल्याच्या हाती असतंच काय? डबा. मारणारा तिकडं बसलेला असतो.

हाकेवाल्याच्या हाती काही नसतं. नुसता आवाज असतो.

"निशे," मी तिच्या कानात म्हणाले, "बकरी कपाशीत घुसली का मी काय म्हणतो?"

ती गप्प.

"काय म्हणतो मी बकरीले? सांग."

तिचे ओठ हलले. "मुडदा बशिवला तुया."

"मोठ्यानं."

"मुडदा बशिवला तुया!"

"हां, माही वाघीण!"

मी चुलीतलं जळतं लाकूड घेतलं, मागच्या दाराचा आडणा पायानं उडवला आणि दार ओढून त्या आवाजात बाहेर पडले. आवाजात म्हणते, कारण तो अंगाला लागत होता, पुराच्या पाण्यासारखा. प्रत्येक हाड म्हणत होतं, फिर मागं. मी एक पाऊल टाकलं. निशी माझ्या कडेवर ताठ झाली आणि तिचा गळा सुटला.

"मुडदा बशिवला तुया! तुया तोंडात शेन! आमच्या वावरात कायले आला बे! थांब, माहा बाप येते! माही दादी येते!"

मीही सुरू केलं. माझ्या शिव्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. शिव्या संपल्या तेव्हा आमच्या बापाचा हाका काढला, होऽऽ हाऽऽ, पोटातून, आणि निशीनं माझा सूर उचलला, त्यात तिच्या शिव्या मिसळून. आम्ही दोघी चालत गेलो. खुराड्यापर्यंत. खुराड्याच्या पुढं.

आणि ते उठलं.

तुरीच्या पहिल्या ओळीत, आमच्यापासून बैलगाडीच्या लांबीवर, खाली बसलेलं काहीतरी उभं राहिलं. मला दिसली ती पाठ. रुंद, वाकलेली, माणसाची म्हणावी तर म्हणता येईल अशी. दोन्ही हात हाका करताना तोंडापाशी धरतात तसे पुढं वळलेले. पाठ आमच्याकडं होती. तोंड नाल्याकडं असणार. आणि आवाज तर आमच्यावर येत होता, थेट, तोंडावर मारल्यासारखा, त्या पाठीतून.

यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. पाहत बसले नाही. लाकूड फेकलं आणि अंगावर गेले.

ते पळालं. हो, पळालं! तुरीच्या एकाच वेळी आठ-दहा ओळी आडव्या झाल्या, नाल्याच्या पाण्यात काहीतरी मोठं आदळलं, आणि आवाज तुटला. पाऊस तेवढा राहिला. बारीक, आपला, ओळखीचा.

निशी धापा टाकत होती. "पयाला," ती म्हणाली. "दादी, पयाला भाड्या."

"भाड्या नाही म्हणत बाई."

"तू म्हनली नं आत्ता."

८

घराला वळसा घालून आम्ही पुढं आलो. मागच्या दारानं परत आत जाता आलं असतं. पण मला माझ्या घराच्या पुढच्या दाराशी उभं राहायचं होतं.

अंगणात कोणी नव्हतं. पागोळ्या पडत होत्या, टप टप, सगळ्या, कुठंही खंड न पडता. दारासमोर तेवढी जागा मात्र कोरडी होती. एक बैल बसेल एवढी. चिखल दाबून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर पाणी आत्ता कुठं भोकं पाडायला लागलं होतं. मी अनवाणी पाय त्यावर ठेवला. जमीन गरम होती.

रस्त्याकडून कोणीतरी ओरडलं. "भाभीऽऽ!"

माझा हात लाकूड शोधायला गेला. तेवढ्यात घराच्या आतून, टोपल्याखालून, तिखट, चिडका, कुणालाही न विचारता आवाज आला: गुळूगुळूगुळू!

मी भिंतीला टेकले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

धावजी पिंट्याच्या मोटारसायकलीवरून उतरला. डोक्यावरून गोधडी, हातात काठी, पाय लटपटत. "काय झालं वो भाभी? तुह्या गाल्या तांड्यापरेंत आल्या. लोकं म्हणून राह्यले, हंसाबाईनं कोनाले तरी कापलं."

"आजा, म्या शिकार केली!" निशी कडेवरूनच ओरडली. "दोन केल्या! एक धरली अन् एक पयवली!"

"पयवलेलीले शिकार नाही म्हणत, पोट्टे."

"म्हंतेत," मी म्हणाले. "आजपासून म्हंतेत."

धावजी हसला. मग त्याची नजर खाली दारासमोर गेली. तो त्या कोरड्या जागेकडं बघत राहिला. जुना माणूस आहे, जनावर कुठं दबून बसलं होतं ते त्याला सांगावं लागत नाही. त्यानं काठीनं कडेची माती टोकरली आणि काठी पटकन मागं घेतली.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "इथं कोन बसलं व्हतं?"

निशी माझ्या कडेवर चुळबूळ करायला लागली.

"दादी, उतरव मले. मले शू आली."

मी तिला उतरवली. ती दोन पावलं चालून त्या कोरड्या, गरम जागेच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली, चड्डी खाली केली आणि बसली.

"अवो, दारातच?" धावजी म्हणाला.

"दारातच," मी म्हणाले. "कर माय. पोटभर कर."